सीटवर पिशवी ठेवली की गाडी थांबते

आमच्या घराण्यात गोष्टी सांगण्याचं काम माझ्याकडे आहे. बारसं असो की तेरावं, जेवणं उरकून माणसं सतरंजीवर लवंडली की कुणीतरी म्हणतंच, "तो मामांचा म्हशीचा किस्सा सांग रे." मग मी सांगतो. चार ठिकाणी मीठमसाला घालतो, आणि ज्याच्यावर किस्सा आहे तो समोर बसलेला असला तर सहा ठिकाणी घालतो. पण गेल्या दिवाळीत एक गोष्ट अशी तयार झाली, की तिची पाळी आली की मी पाणी प्यायला उठतो. ती बायको सांगते. चांगली सांगते, हसवते. मग एका ठिकाणी तिची नजर ताईकडे जाते आणि ती विषय बदलते. म्हटलं, ते ठिकाण आपणच एकदा लिहून टाकावं. लिहिताना समोर कुणी बसलेलं नसतं, एवढी तरी सोय आहे.

जव्हारला माझं दुकान आहे. छत्र्या, रेनकोट, गमबूट, ताडपत्र्या, घरावर घालायचा प्लास्टिकचा कागद. म्हणजे मी पाऊस विकतो म्हटलं तरी चालेल. मुलगी ठाण्याला नोकरी करते. तिने आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला आम्हाला क्रूझची तिकिटं काढून दिली. मुंबईहून जहाजात बसायचं, कोचीला जायचं, एक दिवस उतरून शहर बघायचं, परत यायचं. मी म्हणालो, "एवढे पैसे पाण्यात कशाला घालायचे?" हा विनोद मी नंतर दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवला. ताडपत्री घ्यायला आलेल्यांनासुद्धा.

त्याच आठवड्यात ताई घरी आली होती. ताई म्हणजे माझी मोठी बहीण. मोखाड्याला सरकारी दवाखान्यात नर्स होती, आता निवृत्त आहे, मुलगा-सुनेबरोबर राहते. कुणाकडे काही मागायचं नाही हा तिचा स्वभाव. भूक लागली तरी "तुम्ही जेवणार असाल तर" असं म्हणते. ती कोचीचं नाव ऐकून म्हणाली, "मी येऊ का तुमच्याबरोबर? माझं तिकीट मी काढीन."

मी चकितच झालो. बायकोला लगेच कळलं. ती म्हणाली, "सिस्टरना भेटायचंय ना, ताई?"

सिस्टर म्हणजे ताईची मैत्रीण. केरळची. ऐन तरुणपणी नोकरीसाठी मोखाड्याला आली आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिली. दोघींच्या क्वार्टर्स शेजारी शेजारी, मधे एक भिंत आणि वर एकच पत्रा. आली तेव्हा तिला मराठीचं अक्षर येत नव्हतं. मग ती जे शिकली ते पेशंटांकडून शिकली. त्यामुळे तिची मराठी डोंगरातली, आणि सगळी दुखण्याखुपण्याची. चहा आवडला तरी "पोटाला बरं वाटलं" म्हणायची, आणि राग आला तर "डोक्यात कळ मारतेय". पोशेऱ्याच्या पाड्यांवर डोस पाजायला दोघी भर पावसात पायी जायच्या, निसरड्या उतारावर एकमेकींचा हात धरून. ताईचे यजमान अचानक गेले तो पावसाळा सिस्टरने आपली खाट ताईच्या खोलीत आणून काढला. आम्ही सख्खी माणसं रविवारच्या जिपेने जायचो आणि संध्याकाळच्या जिपेने परत यायचो. रोजची होती ती सिस्टर.

निवृत्तीनंतर ती गावी गेली. दर रविवारी दोघींचा फोन. आणि आता तिचा मुलगा तिला परदेशात आपल्याकडे कायमची घेऊन चालला होता. दिवाळी झाली की विमान. फोनवर ती ताईला म्हणाली होती, "आता गुडघे असे, थंडी तशी. परत यायचं काय जमायचं नाय, बाय." ताईने हे आम्हाला सांगितलं तेही भाजी निवडता निवडता, मान वर न करता.

तर ठरलं. जहाजातर्फे शहर दाखवायला बस होती. सकाळी जुनं चर्च, मग मासे पकडायची ती मोठाली जाळी, मग मसाल्याचा बाजार, आणि जेवणाच्या वेळेला पलीकडच्या काठावर बोटीच्या धक्क्याजवळ चांगला दोन तास मुक्काम. सिस्टरचं गाव लांब होतं, पण ती तिथे येऊन थांबणार होती. दोन तास दोघींचे. बाकीची सहल ताईच्या दृष्टीने त्या दोन तासांना बांधलेलं गाठोडं होतं. जहाजावर नाच होता, जादूचे खेळ होते, पोहायचा हौद होता. ताई डेकवर खुर्ची टाकून बसायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला नाही, पण मला रोज विचारायची, "कोची परवा ना?" "उद्या ना?"

तिच्याजवळ एक कापडी पिशवी होती. तीत पोशेऱ्याहून मागवलेली वरई, चष्मा आणि फोन. फोन मीच दुकानातल्या प्लास्टिकच्या पाकिटात बंद करून दिला होता. एवढी काळजी मी फोनची घेतली. छत्र्या मात्र घेऊ दिल्या नाहीत. बायको म्हणत होती की कोचीला दिवाळीतही पाऊस असतो. मी म्हणालो, "आपण जव्हारची माणसं. आपल्याला कोण पाऊस दाखवणार?"

कोचीने दाखवला.

सकाळपासून आभाळ भरलेलं. चर्च बघितलं तेव्हा भुरभुर होती, जाळी बघताना चांगल्या सरी आल्या, आणि मसाल्याच्या बाजाराशी बस थांबली तेव्हा तो असा कोसळायला लागला की समोरच्या दुकानाची पाटी वाचता येईना. बरं, आमच्या पावसाला निदान गारवा असतो. हा कढत. वरून पाणी आणि आतून घाम, मधे शर्ट. गाइड साधारण माझ्याच वयाचा, पांढऱ्या शर्टातला गृहस्थ होता. तो बसच्या दारात उभा राहून हिंदीत म्हणाला, "ज्यांना उतरायचंय त्यांनी वीस मिनिटांत परत या. पुढे रस्त्यात गर्दी आहे." हे मी ऐकलं. मला ऐकू आलं नव्हतं असं म्हणायची सोय नाही, कारण मी त्यावर मानही डोलावली होती.

ताई म्हणाली, "तुम्ही या जाऊन. मी बसते."

इथे मी तोंड उघडलं.

"अगं चल, एक चहा घेऊ. अंगात ओल शिरलीय तुझ्या."

"नको. गाडी गेली तर?"

"गाडी कशी जाईल? पिशवी ठेव सीटवर."

आमच्याकडच्या माणसाला यात काही चुकीचं वाटणार नाही. जव्हारच्या स्टँडबाहेर दाभोशाच्या, खोडाळ्याच्या, मोखाड्याच्या जिपा लागतात. आपण जायचं, रुमाल नाहीतर पिशवी सीटवर ठेवायची, आणि खुशाल बाजाराला जायचं. रुमाल म्हणजे साठेखत. पिशवी म्हणजे खरेदीखत. ज्याची पिशवी गाडीत आहे त्याला टाकून जीप गेली असं मी जन्मात ऐकलेलं नाही. ड्रायव्हर हॉर्न मारतो, कुणाला तरी हॉटेलात पाठवतो, "ते निळ्या पिशवीवाले कुठे उलथले?" म्हणून चारचौघांत विचारतो, पण थांबतो. एकदा खोडाळ्याच्या बाजारात मी कोंबडीच्या भावावरून इतका वेळ घातला, की सगळी भरलेली जीप उतरून घासाघीस बघायला आली, आणि शेवटी भाव ड्रायव्हरनेच ठरवला. अशा मुलखात उभा जन्म काढलेला मी. माझ्या डोक्यात हे कायद्यासारखं बसलेलं.

ताई घुटमळली. मी तिच्या मांडीवरची पिशवी उचलली, जड लागली तेव्हा समाधानाने म्हणालोसुद्धा, "ही बघ, वजनदार आहे. हिला कोण सोडून जातंय," आणि सीटवर ठेवली. बायको म्हणाली, "अहो, ताईंचा फोन तरी—" मी म्हणालो, "भिजवायचाय का फोन?" आणि दोघींना पावसात उतरवलं.

चहा झाला. तो पाच मिनिटांत झाला. पण चहाच्या बाजूला मिऱ्यांचं दुकान होतं, आणि दुकानदार गल्ल्यावर रिकामा बसलेला. मी विकत काहीच घेणार नव्हतो. तरी एका दुकानदाराने दुसऱ्याच्या दुकानात जावं, मूठभर माल हातावर घ्यावा आणि धंद्याचं सुखदुःख काढावं यात जो आनंद आहे तो सांगून कळायचा नाही. त्याने मला मिऱ्यांना ओल लागली की काय होतं ते सांगितलं. मी त्याला ताडपत्रीचे प्रकार सांगितले. त्याची हिंदी तोडकी, माझी भरभक्कम, त्यामुळे जास्त मीच बोललो. ताई दोनदा दारात येऊन उभी राहिली. "अरे, चल ना." मी म्हणालो, "हो हो, पिशवी आहे गाडीत."

बाहेर आलो. बस उभी होती त्या जागी एक शेळी उभी होती.

मी आधी शेळीकडेच बघितलं. मग रस्त्याच्या दोन्ही टोकांना. बायको म्हणाली, "गेली."

"गेली कशी? पुढे लावली असेल. पाणी साचतंय ना इथे."

पुढे जाऊन बघितलं. मागे जाऊन बघितलं. शेळीवाल्या बाईने हातानेच 'तिकडे गेली' म्हणून दाखवलं. ताईच्या फोनवर फोन लावला. वाजत राहिला. पाकिटात बंद, पिशवीत, चालत्या बसमध्ये. कुणाला ऐकू जाणार? पुन्हा लावेपर्यंत माझाच फोन भिजून बंद पडला, आणि बायकोचा जहाजावर राहिला होता. गाइडचा नंबर मी घेतला नव्हता. जिपेच्या ड्रायव्हरचा नंबर कोण घेतं? तो आपल्याला ओळखत असतो. आणि सिस्टरचा नंबर फक्त ताईच्या फोनमध्ये.

इथपर्यंत जे झालं त्याला मूर्खपणा म्हणता येईल. मूर्खपणाची मला फार लाज नाही, सवयीने ती कमी झाली आहे. पुढे जे केलं त्याची आहे.

बायको म्हणाली, "रिक्षा करू आणि थेट धक्क्यावर जाऊ."

मी म्हणालो, "थांब. ते परत येतील."

"कोण परत येतील?"

"बसवाले. पुढे मोजतील, तीन माणसं कमी दिसतील, पिशवी दिसेल. वळून येतील. आपण इथून हललो आणि ते इथे आले तर चुकामूक होईल."

"अहो, ही खोडाळ्याची जीप नाही."

"माणूस इथून तिथून सारखाच असतो," मी म्हणालो. अशी वाक्यं मला नेमकी अशा वेळी सुचतात.

आणि आम्ही थांबलो. मिऱ्यांच्या दुकानाच्या वळचणीला तिघं ओळीने. पन्हळीचं पाणी पुढ्यात धो धो पडतंय, त्याचे शिंतोडे गुडघ्यापर्यंत. दुकानदाराने स्टुलं दिली, ताई बसली नाही. मी दर बसला एक पाऊल पुढे टाकत होतो आणि ती आमची नसली की मागे येत होतो. मनातून मलाही कळायला लागलं होतं. पण आता रिक्षा करायची म्हणजे आपण इतका वेळ चुकीचे होतो हे कबूल करायचं, आणि प्रत्येक मिनिटागणिक ते कबूल करणं जास्त जड होत होतं. म्हणून मी आणखी थांबत होतो. माझी चूक बरोबर ठरावी म्हणून दोघींना भिजवत होतो.

ताई रस्त्याच्या टोकाकडे बघत होती. एकदाच म्हणाली, मला नाही, रस्त्याला: "ती आली असेल एव्हाना."

मग ती उठली असं म्हणता येणार नाही, कारण ती उभीच होती. पण तिच्यात काहीतरी उठलं. ती पन्हळीखालून सरळ पावसात गेली, रस्त्याच्या मध्यावर उभी राहिली आणि येणाऱ्या रिक्षाला हात केला. भरलेली होती ती रिक्षा. दुसरीला केला. जन्मात कुणाला "जरा सरकता का" न म्हणालेली माझी बहीण, केस चेहऱ्याला चिकटलेले, दोन्ही हात पसरून रिक्षासमोर उभी होती. रिक्षा थांबली. ती आत बसली आणि आमची वाट न बघता म्हणाली, "चलो." आम्ही पळत जाऊन शिरलो.

रिक्षावाल्याला धक्का कुठला ते सांगता येईना. तिथे धक्के पुष्कळ. शेवटी बायकोने गळ्यातलं जहाजाचं कार्ड दाखवलं आणि "टूरिस्ट बस, लंच, बोट" असे शब्द एकापुढे एक मांडले. त्याला कळलं. निघालो, आणि पुलावर अडकलो. तो मान मागे वळवून म्हणाला, "ब्लॉक." थोड्या वेळाने परत, "ब्लॉक." तिकडे गाड्या तुंबल्या की ब्लॉक म्हणतात. पुढे नुसते लाल दिवे आणि पाऊस. दोन्ही बाजूंना खाडीचं पाणी, आणि लांब, धुरकट, आमचं जहाज दिसत होतं, चाळीस बिऱ्हाडांच्या इमारतीसारखं. मी ताईला म्हणालो, "ते बघ आपलं जहाज." काहीतरी बोलायचं म्हणून बोललो. ताईने तिकडे बघितलं नाही.

धक्क्यावर पोचलो तेव्हा बसचं इंजिन चालू होतं. सगळे प्रवासी आत. दोन तासांमधलं जे काही शिल्लक होतं ते दारात उभ्या असलेल्या गाइडच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

तिकीटखिडकीशेजारी पत्र्याच्या शेडखाली बाकावर सिस्टर बसली होती. मी तिला ओळखलं नसतं. पांढरे केस, वाळलेला चेहरा, गुडघ्यांना पट्टे. मांडीवर ताईची पिशवी दोन्ही हातांनी धरलेली. ती ताईला बघून उठायला गेली, पहिल्यांदा जमलं नाही, दुसऱ्यांदा उठली.

"बस आली," ती म्हणाली. "मी चढले आत. येकयेक सीट बघितली. तुझी पिशवी दिसली, तू नाय दिसलीस. मी फोन लावला, तर पिशवीतच थरथरतोय. बाय, माझ्या छातीत कळ आली. म्हटलं हिला काय झालं, कुठं पडली, कुणी दवाखान्यात नेलं का. ह्या माणसाला विचारलं, तो म्हणतो उतरले ते आलेच नाय."

तर ती पिशवी. तिने बस थांबवली नाही, एका म्हाताऱ्या बाईला मात्र जवळजवळ दोन तास जिवंतपणी मारलं.

सिस्टरने स्वतःच्या खांद्यावरचं वस्त्र काढलं आणि ताईचं डोकं पुसायला लागली. खसाखसा, लहान मुलाचं पुसतात तसं. ताई पुसू देत होती. मी पुढे होऊन म्हणालो, "सिस्टर, चूक माझी—" तिने माझ्याकडे बघितलं. "भाऊ, तू पण भिजलास. बस तिकडं," एवढंच म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं.

गाइड म्हणाला, दहा मिनिटं. त्याच्यावर जास्त देणार नाही. मी त्याला बाजूला घेतलं, हात जोडले, बहिणीची मैत्रीण आहे, परदेशी चाललीय, पुन्हा भेट नाही, सगळं सांगितलं. तो ऐकत होता. शेवटी म्हणाला, "साहेब, मी बाजारात हॉर्न वाजवला. स्वतः उतरून दोन गल्ल्यांत बघून आलो. तुमच्यासाठी इतर लोकांचं जेवण उशिरा झालं. आता यांच्यासाठी जहाज थांबेल का?" बसच्या खिडकीतून एक बाई म्हणाली, "अंकल, प्लीज." मी म्हणालो, आम्ही राहतो, रिक्षाने येतो. तर मागून बायको हळूच म्हणाली, "नको. एकदा तुमच्या भरवशावर थांबलो तेवढं पुरे. पुलावर अडकलो तर ताईंचे आणखी हाल होतील." ती बरोबर होती.

दोघी बाकावर बसल्या. त्यांच्या बोलण्यात मी जाणार नव्हतो, पण शेड लहान होती.

"गुडघा?"

"आहे तसाच. तुझी शुगर?"

"आहे."

"गोळ्या?"

"घेते."

"रात्री पाय वळतात काय?"

"वळतात."

"मीठ लावून शेक."

दहाबारा वर्षांनी भेटलेल्या दोन बायका, आणि बोलणं हे असं, वॉर्डातल्या राउंडसारखं. मग तेही संपलं. दोघी हातात हात घेऊन समोरच्या पाण्याकडे बघत बसल्या. बोटी येत होत्या, जात होत्या. एवढा वेळ कमी, आणि त्यातलाही अर्धा त्यांनी गप्प बसून घालवला. मला उगाच वाटत होतं की जाऊन सांगावं, बोला, काहीतरी बोलून घ्या. पुढे लक्षात आलं, त्यांना दोन तास मिळाले असते तरी त्यातला अर्धा त्यांनी असाच घालवला असता. पण मग तो एक तास झाला असता.

ताईने वरई दिली. सिस्टरने एक स्टीलचा डबा काढून ताईच्या पिशवीत घातला. "नागलीची भाकर. हिकडं पीठ मिळतं. पहाटे केली. चौघांनी जेवायचं म्हणून केली होती," असं म्हणाली आणि लगेच, जणू आपण काही चुकीचं बोललो अशा घाईने, "जहाजात खा. डबा परत नको."

हॉर्न वाजला. ताई बसमध्ये चढली. मी सगळ्यांत शेवटी चढलो, निथळत, त्या दोन रांगांमधून, आणि कुणाच्याही तोंडाकडे न बघता आपल्या सीटपर्यंत गेलो. खिडकीतून सिस्टर दिसत होती. हात वगैरे हलवत नव्हती. नुसती उभी.

बसमध्ये ताईने पिशवी मांडीवर घेतली. मी दोनदा "ताई" म्हणालो. दुसऱ्यांदा ती म्हणाली, "डोकं पूस, सर्दी होईल." त्या वाक्यानंतर मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

बंदराच्या गेटवर सामान तपासतात. आमची पिशवी यंत्रातून गेली आणि शिपायाने डबा बाहेर काढायला लावला. शिजवलेलं अन्न बाहेरून जहाजावर नेता येत नाही. बाजूला एक मोठं पिंप ठेवलेलं होतं. त्यात केळ्याची सालं, वेफर्सची पाकिटं. त्याने पिंपाकडे बोट केलं. वाईट बोलला नाही, नियम सांगितला.

ताईने डबा हातात घेतला. तिने शिपायाला विचारलं, "गेट केव्हा बंद होतं?" त्याने सांगितलं. अजून थोडा वेळ होता. ती रांगेतून बाहेर आली, शेडखालच्या सिमेंटच्या कठड्यावर बसली आणि डबा उघडला. केळीच्या पानात गुंडाळलेल्या काळ्यासावळ्या भाकऱ्या, मधे लसणाचा ठेचा. बसमधले सगळे आमच्यासमोरून आत गेले. खिडकीतली ती बाईही गेली. जाताना थांबून तिने डब्यात बघितलं.

"बसा," ताई आम्हाला म्हणाली.

मी बसलो. बायको बसली. ताईने अर्धी अर्धी भाकरी हातावर दिली. नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी गरम असते तोवर रेशमासारखी असते, गार झाली की तिचा स्वभाव बदलतो. पहाटेची ही, आणि मधे जो वेळ गेला तो माझा. पहिला तुकडा तोडायला दोन्ही हात लागले.

ताईचा फोन वाजला. तिचे हात खरकटे, म्हणून तिने कोपराने तो कठड्यावर सरळ केला आणि बायकोने स्पीकर लावला. सिस्टर घरी जायच्या बसमध्ये बसली होती, मागे इंजिनाचा आवाज.

"पोचलात काय?"

"पोचलो. जेवतोय."

"जहाजात?"

"गेटवर. आत नेऊ देत नाहीत."

पलीकडे कंडक्टरची घंटी वाजली. मग, "भाऊ खातो काय?"

"खातोय."

"त्याला विचार, कडक झाली काय."

मी घास गिळला. "नाही सिस्टर," मी म्हणालो. "मऊ आहे अगदी."

"काही मऊ नाही," ताई म्हणाली. दुपारपासून तिचा आवाज पहिल्यांदा वर चढला होता. "चामडं झालंय चामडं. आणि कुणापायी, तर ह्या शहाण्यापायी. मला म्हणतो, पिशवी ठेव सीटवर, गाडी हलायची नाही. वर मिऱ्या हुंगत बसला. एक दाणा घेतला नाही, नुसता हुंगत बसला. आणि मला तासभर पन्हळीखाली उभं केलं. म्हणे वळून येतील."

"वळून?" पलीकडून सिस्टर म्हणाली. "कोण, बस?"

"बस."

"अगो बाय. ह्याला काय कळ आली काय डोक्यात?"

आणि ती हसायला लागली, खोकत खोकत. मग ताई हसली. हसता हसता तिने पदराला डोळे पुसले, आणि पुन्हा सुरू झाली. शेळीपासून, गाइडपासून, छत्र्यांच्या दुकानापासून. बायकोने मधे मधे तपशील पुरवले. सिस्टर प्रत्येक गोष्टीला "खरं काय?" म्हणत होती. मी मान खाली घालून चावत होतो. तोंड भरलेलं होतं ते एका परीने बरं, काही बोलावं लागत नव्हतं.

शिपायाने घड्याळाकडे बघितलं, मग आमच्याकडे. मी उठायला लागलो, तशी ताईने हाताने मला खाली बसवलं.

"बस. अजून एक भाकरी आहे," ती म्हणाली, आणि फोनला म्हणाली, "हं, तर मग ऐक."